तिपून

मार्चातलं बर्फ गुरुवारपर्यंत टिकायचं नाही,
एवढंच म्हणाले मी, चहा ओतता ओतता.
कापितोलिनाने बशी आपटली:
"तिपून येवो तुझ्या जिभेवर!"

आमच्याकडचा हा जुना शाप.
तिपून म्हणजे कोंबडीच्या जिभेच्या टोकाशी
धरतं ते टणक खवलं.
ते आलं की तिला दाणा टिपता येत नाही.
माणसांत तो राखून ठेवलेला
अभद्र बोलणाऱ्यांसाठी.
तिचा सावेली दोन दिवस व्होल्गावर होता,
बर्फाला भोक पाडून, उपड्या डब्यावर बसून,
आणि मी, तिची सख्खी बहीण, काळजिभी.

रात्रभर दोघी खिडकीशी.
खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडायच्या,
टरफलं वर्तमानपत्रावर.
उकळता चहा, न फुंकता.
समोवार तीनदा भरला.
शब्द एकही नाही.

पहाटे जिभेच्या शेंड्याला काहीतरी टोचलं.
आरशात पाहिलं:
खसखशीएवढा पांढरा दाणा,
भोवती लाल कडं.
एवढासा,
पण तोंडभर तोच.

एकतीस वर्षं ही जीभ
चीजच्या कारखान्यात कामाला आहे.
पगार तिचा, सही माझी.
सहा महिने मुरलेला गोळा फोडायचा,
सळई खुपसून कांडी काढायची,
जिभेवर ठेवून डोळे मिटायचे,
आणि सांगायचं: पहिली प्रत. दुसरी. वितळवायला पाठवा.
आज कांडी ठेवली
आणि मिठाने सुई मारली.
चव कुठेच नव्हती. नुसतं दुखणं.

दवाखान्यातल्या रुफिनाने बॅटरी धरली.
"काल काय खाल्लंस?"
सांगितलं.
"झोपलीस?"
नाही.
"हा दात बघ, कड तुटलीय. जीभ सारखी तिथेच जाते.
मीठ, चटका, दात, जागरण, जिवाला घोर,
यातलं एक पुरतं. तू सगळी आणलीस."

शापाचं विचारलं नाही मी.
तिनेही लिहिलं नाही.

कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा.
गार साय. आंबट नको, तिखट नको.
"आणि खाजवू नकोस, खरवडू नकोस,
जीभ आपली आपण भरून येते.
दोन आठवड्यांत गेला नाही तर ये."
जिभेला हाड नसतं म्हणतात,
म्हणूनच बहुधा ती लवकर सांधते.

तीन दिवस ताहिरने चाखलं.
तेवीस वर्षांचा पोरगा, कझानचा,
अजून कांडी चावतो, चघळत नाही.
मी शेजारी बसून त्याचा चेहरा चाखत होते.

बुधवारी रात्री सावेली परतला.
एक बूट ओला, पिशवीत चार मासे.
काय झालं ते त्याने सांगितलं नाही,
कोणी विचारलंही नाही.
गुरुवारी दुपारी नदी फुटली,
तोफेसारखा आवाज, मग तासभर नुसतं करकरणं.
संध्याकाळी कापितोलिनाने बरणी पाठवली,
गार सायीची. चिठ्ठी नाही.
बरणीवर कापड बांधलेलं, घट्ट,
गाठ सोडवता सोडवता नख तुटलं.

शुक्रवारी दाणा नव्हता.
जीभ टाळूला लावून पाहिली,
दातांवरून फिरवली. कोरी.
ताहिरचा गोळा समोर.
त्याने लिहिलेलं: पहिली प्रत.
कांडी ठेवली, डोळे मिटले.
आधी लोणी, मग अक्रोड,
आणि अगदी शेवटी, घशापाशी,
कडवटपणाची एक बारीक रेघ.
तो दाराशी उभा होता, हात पाठीमागे.

"पहिली," म्हणाले मी. सही केली.

रात्री अंथरुणात
शेंडा दातांना घासत राहिले,
डावीकडे, उजवीकडे,
पुन्हा डावीकडे.

सकाळी जीभ गुळगुळीत.